कर्ता गाळावा

नवव्या धड्यापर्यंत पोचलं की वर्गाला माझी आणि मला वर्गाची सवय झालेली असते. संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग. दिवसभराचं काम उरकून आलेली मोठी माणसं. कुणाच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास, कुणाच्या डोळ्यांत स्क्रीनचा शीण. पुस्तक उघडलं की गुळगुळीत रंगीत पानांचा तो थोडासा औषधी वास येतो आणि माणसं सावरून बसतात. नववा धडा पर्यावरणाचा. डाव्या पानावर वितळत्या हिमखंडावर एकटं उभं असलेलं पांढरं अस्वल, उजव्या पानावर दोन हातांच्या ओंजळीत धरलेली हिरवीगार पृथ्वी. खाली फिकट निळ्या चौकटीत व्याकरण: पॅसिव्ह व्हॉइस. आणि चौकटीच्या तळाशी जाड ठशात नियम. कर्ता माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल, तर तो गाळावा.

नियमाखाली सरावाची आठ वाक्यं. दरवर्षी लाखो झाडं तोडली जातात. नद्या दूषित केल्या जातात. समुद्रात प्लास्टिक टाकलं जातं. सगळे माना खाली घालून लिहीत होते. मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी हात वर केला. वय पन्नाशीचं, बोलणं मोजकं, वही मात्र वर्गात सगळ्यांत नेटकी. "मॅडम, नदीच्या वाक्यात शेवटी 'बाय' लावून पुढे लिहिलं तर चालेल का?" मी विचारलं, काय लिहिणार? "नदीत कोण सोडतं ते. मला माहीत आहे, मी तिथे कामाला होतो."

व्याकरणाच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे, लिहा, असं मी म्हटलं. उत्तरसूचीत मात्र त्या वाक्यापुढे कर्ता नव्हता आणि परीक्षेतही तो कुणी मागत नाही. तास संपला, माणसं बसच्या वेळा बघत पांगली. मी फळा पुसत होते आणि डोक्यात नियमाचा तो दुसराच अर्धा भाग घोळत राहिला.

महत्त्वाचा नसेल, तर.

इतकी वर्षं निरनिराळ्या पुस्तकांतून शिकवल्यावर एक गोष्ट लक्षात येते. पर्यावरणाचा धडा आणि पॅसिव्ह व्हॉइस यांची जोडी फार जुनी आणि फार पक्की आहे. प्रकाशक बदलतो, चित्रं बदलतात, अस्वलाच्या जागी कासव येतं, जोडी तशीच राहते. कारण उघड आहे. कर्मणी शिकवायचा तर ज्याच्यावर काहीतरी घडतं अशी नामं लागतात, आणि झाड, नदी, हवा, माती ही आयती सापडतात. याच धड्यात किंवा पुढच्यात 'जर-तर'ची वाक्यं येतात: आपण हे थांबवलं नाही, तर समुद्राची पातळी वाढेल. आणि मग सल्ल्याची क्रियापदं, 'शुड' आणि 'मस्ट': दात घासताना नळ बंद ठेवावा, खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवावा, कापडी पिशवी वापरावी. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या मनात काही वाईट असेल असं मला मुळीच वाटत नाही. प्रत्येक रचना आपापल्या जागी योग्यच आहे. पण तिन्ही एकापुढे एक वाचल्या की त्यांची मिळून एक गोष्ट तयार होते. जे झालं ते कुणी केलं ते कळत नाही, जे होणार आहे ते भयंकर आहे, आणि करायचं मात्र तुम्ही, नळ बंद करून. शिकणारा माणूस व्याकरण शिकतो तेव्हा ही गोष्टही शिकतो. ती त्याला कुणी समजावून सांगत नाही, त्यामुळे तिच्याशी वाद घालायची संधीही त्याला मिळत नाही.

हे फक्त इंग्रजीचं नाही. आपणही सहज म्हणतो, "तिथलं जंगल गेलं." जणू काही ते आपल्या पायांनी उठून गेलं. रोजच्या बोलण्यात हे चालतं, कारण ऐकणाऱ्याला मागचं सगळं माहीत असतं. परकी भाषा शिकणाऱ्याजवळ मात्र पुस्तकातल्या वाक्यापलीकडे काही नसतं.

तरीही हा धडा मला आवडतो, हेही सांगायला हवं. एरवी गप्प बसणारी माणसं यात बोलायला लागतात. हॉटेलात खोली कशी मागायची हे शिकताना सगळे एकमेकांसारखे बोलतात. पर्यावरणावर बोलताना प्रत्येकाजवळ स्वतःचं काहीतरी निघतं. कुणाच्या लहानपणी विहिरीला वरच्या पायरीपर्यंत पाणी असायचं, कुणी रात्री काजव्यांनी भरलेलं झाड पाहिलेलं असतं. आणि नेमकं तेव्हाच शब्द संपतात. कार्बन फूटप्रिंट, रिसायकलिंग, ग्लोबल वॉर्मिंग, एन्डेंजर्ड स्पीशीज हे सगळं पाठ असतं, पण काजव्याला काय म्हणतात ते पुस्तकात कुठेच नसतं. एक बाई खिडकीबाहेरच्या झाडाकडे हात करत, बोटांनी पंखांची उघडझाप करून दाखवत, "तो छोटा, तो शेपटी हलवणारा" असं त्यांच्या मोडक्या इंग्रजीत सांगत राहिल्या. संपूर्ण वर्गाला कोणता पक्षी ते समजलं होतं. नाव कुणालाच येत नव्हतं. त्याच वर्गातला प्रत्येकजण जैवविविधतेच्या नाशावर पाच ओळी लिहू शकत होता.

हे असं का, याचा शोध घेतला तर पुस्तकांच्या पोटात जावं लागतं. भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांत कोणते शब्द घ्यायचे हे बराच काळ वारंवारतेवर ठरत आलं आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. शिकणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडतील असे शब्द निवडण्यामागे त्यांची कळकळ होती, आणि त्या यादीनं पुढच्या कितीतरी पुस्तकांना आधार दिला. आता याद्या संगणकावर, कोट्यवधी शब्दांच्या संग्रहांतून निघतात. पद्धत चांगलीच आहे. पण 'झाड' हा शब्द यादीत वर येतो आणि एकेका झाडाचं नाव तळाला जातं, कारण कोणतंही एक नाव वर्तमानपत्रांत, पत्रव्यवहारात, छापील मजकुरात फारसं येत नाही. पक्ष्यांचं तेच, किड्यांचं तेच, गवतांचं तेच. अशी हजारो नावं, एकेकटी दुर्मीळ, म्हणून सगळीच बाहेर. जे जग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रोज उभं आहे ते मोजणीत दिसत नाही. 'प्रॉब्लेम' आणि 'सोल्यूशन' मात्र दिसतात.

विषयांचंही असंच झालं. कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या संघटनेनं १९७५ साली, भाषा शिकणाऱ्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येईल अशा पातळीचा आराखडा काढला. त्याच परंपरेतून २००१ साली, भाषा कितपत येते हे सांगणारी ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्यांची ती चौकट प्रसिद्ध झाली, जी आज जगभरच्या पुस्तकांच्या पाठीवर छापलेली असते. तिच्यात उदाहरणादाखल संभाषणाचे चौदा विषय दिले आहेत. पहिला स्वतःची ओळख. दुसऱ्यात घर आणि भोवतालचा परिसर एकत्र. पाचवा प्रवास, नववा खरेदी. चौदावा आणि शेवटचा हवामान. ही यादी मी खूप वेळा वाचली आहे. ती तयार झाली तेव्हा देशोदेशी जाऊन काम करणाऱ्या, हिंडणाऱ्या माणसाची गरज समोर होती आणि त्या गरजेला ती प्रामाणिकपणे उतरते. मीही विमानतळाचा धडा मनापासून शिकवते. परदेशी राहणाऱ्या लेकीला पहिल्यांदा भेटायला निघालेल्या एका आजींनी खिडकीजवळची जागा मागण्याचं वाक्य इतक्या वेळा म्हणून पाहिलं होतं की शेजारच्यांनाही ते पाठ झालं. त्या धड्याच्या शेवटी विमानाच्या धुराबद्दल उपदेशाचा परिच्छेद चिकटवावा असं मला वाटत नाही. मला खटकतं ते वेगळंच. चौथ्या धड्यात विमान, सहाव्यात खरेदी, सातव्यात नवा फोन, आणि नवव्यात अचानक पृथ्वी धोक्यात. मधल्या पानांचा आणि या पानाचा काही संबंध आहे हे पुस्तक कुठेही म्हणत नाही. धडा संपतो, दहावा करमणुकीचा असतो.

हवामानाच्या पानावर एक झाड चार वेषांत उभं असतं. कोवळ्या पालवीचं, गर्द हिरवं, तांबूस पानगळीचं आणि बर्फानं झाकलेलं. जगाच्या मोठ्या भागात ऋतू असे चार नसतात. कुठे पावसाचा आणि कोरडा असे दोनच, कुठे आणखी वेगळे. शिकणारी माणसं ते चार शब्द पाठ करतात, चित्राखाली बरोबर लिहितात, आणि "आज बाहेर काय आहे?" असं विचारलं की अडखळतात. पावसाच्या चार तऱ्हा ओळखणारी माणसं 'इट इज रेनिंग'वर थांबतात.

मग मी जुन्या पुस्तकाकडे जाते. योहान आमोस कोमेनियस यांचं सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ साली न्युरेंबर्गला छापलं गेलं, लॅटिन आणि जर्मन शेजारी शेजारी ठेवून. मुलांसाठी चित्रं घालून केलेलं, दूरवर पोचलेलं असं ते पहिलंच भाषेचं पुस्तक मानलं जातं. पुढच्याच वर्षी त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. त्याची मुळाक्षरं आवाजांतून सुरू होतात. कावळा ओरडतो, कोकरू बेंबटतं, वारा वाहतो, लांडगा हेल काढून रडतो, बेडूक डराव करतो, आणि प्रत्येकाच्या आवाजातून एक अक्षर कानावर पडतं. त्यानंतर ईश्वर, जग, आकाश. मग अग्नी, हवा, पाणी, ढग, पृथ्वी, धातू, दगड, झाड. माणूस कितीतरी पानांनंतर येतो. झाडाच्या पानावर चित्रात आकडे घातले आहेत आणि मजकुरात तेच आकडे: बीपासून रोप, रोपापासून झाड, हे मूळ, ते झाडाला धरून ठेवतं. मूल एका हाताचं बोट चित्रावर आणि दुसऱ्या हाताचं शब्दावर ठेवून दोन भाषा शिकत असेल. मला त्यातलं सगळं हवं आहे असं नाही. जग देवानं माणसाच्या उपयोगासाठी मांडून ठेवलं आहे, ही त्या काळाची समजूत पानोपानी आहे. पण दोन गोष्टींनी मी त्या पुस्तकापाशी थबकते. एक म्हणजे निसर्ग तिथे सुरुवातीला आहे, संकट म्हणून शेवटी आलेला नाही. आणि दुसरी म्हणजे तिथे बहुतेक क्रियापदांना कर्ता आहे. शेतकरी नांगराला बैल जुंपतो, कोळी जाळं टाकतो, मुळं झाडाला धरून ठेवतात.

मुळं धरून ठेवतात. आपल्या पुस्तकांत झाडाला असं काही करायला मिळतच नाही.

मायकेल हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञांनी १९९० साली ग्रीसमधल्या थेसालोनिकीत, उपयोजित भाषाविज्ञानाच्या जागतिक परिषदेत हाच धागा उचलला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्या वाक्यरचनेतच काही समजुती मुरलेल्या आहेत. पाणी, तेल, माती, हवा या नामांना इंग्रजीत अनेकवचन लागत नाही. ती 'थोडी' असतात किंवा 'खूप', पण संपणारी आहेत असं व्याकरण सुचवत नाही. आणि जंगल काय करतंय, असं कुणी विचारलं तर वाक्य चमत्कारिक वाटतं, कारण करणारे आपण, जंगल नुसतं असणार. खरं तर जंगल सतत काहीतरी करत असतं. पाणी धरतं, माती बांधून ठेवतं, हवा गार करतं. त्या भाषणाला तीन दशकं उलटून गेली, त्यातून पर्यावरणीय भाषाविज्ञान नावाची शाखा वाढली, पण त्याचा आवाज नवव्या धड्याच्या निळ्या चौकटीपर्यंत पोचलेला मला दिसला नाही.

पोचला नाही याला आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत जड वाटतं. जगभर विकायच्या पुस्तकांत काय येऊ द्यायचं नाही याची एक अलिखित यादी प्रकाशन व्यवसायात असते. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून तिला 'पार्स्निप' म्हणतात: राजकारण, दारू, धर्म, लैंगिकता, अमली पदार्थ, निरनिराळे 'वाद' आणि डुकराचं मांस. एकच पुस्तक अनेक देशांत जायचं असतं, कुठेही कुणाची हरकत नको असते. पर्यावरण हा विषय या यादीत नाही. उलट तो सगळीकडे चालणारा, सुरक्षित विषय समजला जातो. माझ्या मते तो सुरक्षित आहे, कारण त्यात कुणाचं नाव घेतलेलं नसतं. 'नद्या दूषित केल्या जातात' हे वाक्य कोणत्याही देशात छापता येतं. त्यापुढे 'बाय' लिहून एक शब्द घातला की ते राजकारण होतं. मागच्या बाकावरच्या त्या गृहस्थांनी नेमकी हीच रेघ ओलांडायची परवानगी मागितली होती, आणि ती त्यांना मागावी लागली याचं मला अजून वाईट वाटतं.

गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की यातलं बरंच काही फार पूर्वी बोलून झालं आहे. ऑक्टोबर १९७७मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीत पर्यावरण शिक्षणावर पहिली आंतरसरकारी परिषद भरली. युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं ती घेतली होती. पर्यावरणाचा वेगळा कप्पा न करता ते सगळ्या विषयांतून यावं, असं तिथल्या जाहीरनाम्यात आहे. जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्यं आणि सहभाग अशी उद्दिष्टंही तिथे सांगितली. भाषेच्या पुस्तकांनी त्यातली जाणीव घेतली, ज्ञानाचे चार तुकडे घेतले आणि सहभाग म्हणजे नळ बंद करणं असं ठरवून टाकलं. भाषेच्या तासाला यापेक्षा कितीतरी जास्त जमण्यासारखं आहे. तक्रारीचं पत्र लिहिणं, सभेत उभं राहून प्रश्न विचारणं, अधिकाऱ्याचं उत्तर वाचून त्यात काय टाळलं आहे ते ओळखणं, ही सगळी भाषेचीच कामं आहेत.

आता नववा धडा आला की मी त्या आठ वाक्यांना हात लावण्याआधी ओझोनची गोष्ट सांगते. ती कर्त्यांनी भरलेली आहे. कारखान्यांनी शीतकपाटांसाठी आणि फवाऱ्याच्या डब्यांसाठी सीएफसी वायू बनवले. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोन रसायनशास्त्रज्ञांनी लिहिलं की हे वायू वर जाऊन ओझोनचा थर नष्ट करतील. उत्पादकांनी त्यांचं म्हणणं धुडकावलं. १९८५ साली जोसेफ फार्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरची नोंद प्रसिद्ध केली: दर वसंतात तिथला ओझोन झपाट्यानं कमी होत होता. १६ सप्टेंबर १९८७ला देशांनी माँट्रियलमध्ये हे वायू आटोक्यात आणण्याच्या करारावर सह्या करायला सुरुवात केली आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशानं तो मान्य केला. थर हळूहळू भरून येत असल्याचं शास्त्रज्ञ मोजून सांगतात. मी ही वाक्यं आधी कर्तरी लिहून घेते, मग तीच पॅसिव्हमध्ये. शेवटी वर्गाला विचारते, कोणत्या वाक्यातून कर्ता काढला तर गोष्ट बिघडते? 'करारावर सह्या केल्या गेल्या' यात फारसं काही हरवत नाही असं बहुतेकांचं मत पडतं. 'त्यांचं म्हणणं धुडकावलं गेलं' यावर मात्र जोरात वाद होतो. पॅसिव्ह व्हॉइस इतक्या चटकन आणि इतका नीट समजलेला मी एरवी क्वचितच पाहिला आहे. तो कधी वापरावा हे माणसांना कळतं, आणि तो कशासाठी वापरला जाऊ शकतो हेही.

नावांसाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवलं आहे. वर्गाला येता-जाता जे दिसलं त्याचं एक नाव, शब्दकोशात किंवा पक्ष्यांच्या पुस्तकात शोधून, दर तासाला एकानं आणायचं. काजवा आला, गांधीलमाशी आली, शेवाळ आलं, त्या बाईंचा शेपटी हलवणारा धोबी पक्षी आला. मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी मासे आणले, तेही एकदम बरेच, आणि प्रत्येकापुढे तो पूर्वी नदीच्या कोणत्या वळणाला मिळायचा ते लिहून. या शब्दांतला एकही परीक्षेत येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसाठी प्रकाशकानं शिक्षकांकडून सूचना मागवल्या आहेत. मी नवव्या धड्याबद्दलच लिहिलं आहे. चौकटीतल्या नियमाचा पहिला भाग ठेवावा: कर्ता माहीत नसेल तर गाळावा. दुसऱ्या भागापुढे एक प्रश्न छापावा, महत्त्वाचा नाही हे कुणी ठरवलं? आणि आठ सुट्या वाक्यांच्या जागी ओझोनचा उतारा घ्यावा. त्यातली नावं आणि तारखा जगजाहीर आहेत, आणि ज्या करारावर तो संपतो तो ज्या ज्या देशात हे पुस्तक विकलं जातं त्या प्रत्येक देशानं मान्य केलेला आहे; हरकत घेणार कोण? खाली सरावासाठी एकच वाक्य सुचवलं आहे. नदीचं. 'बाय'पुढची जागा रिकामी ठेवून, दोन ओळी पुरतील इतकी.